फाट्यावरची गाडी

राजधानी, ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन केला होता, पण गिरणीच्या घरघरीत तू नुसतं हो हो करत राहिलास. म्हणून हे पत्र.

आमदार झाले तरी सभागृहातला माइक पुढे आला की मला घाम फुटतो. गुरांच्या दवाखान्यात बरं होतं, माझं बोलणं कुणी लिहून घेत नव्हतं.

माझं रुग्णवाहिकांचं विधेयक तुला ठाऊक आहेच: राज्यातल्या आडबाजूच्या दर चार-पाच गावांमागे एक गाडी. आरोग्य समितीच्या अध्यक्षांनी ते फायलींच्या तळाशी दाबून ठेवलंय. काल पहाटे त्यांचाच फोन. गाय अडली होती आणि त्यांचा नेहमीचा डॉक्टर परगावी. भाषणासाठी इस्त्री केलेल्या कपड्यांतच धावले. वासरू आडवं होतं, कोपरापर्यंत हात घालून सरळ केलं. मायलेकरं सुखरूप. अध्यक्ष लहान मुलासारखे रडले आणि म्हणाले, विधेयकाचं राहू द्या, तुमच्या गावाला माझ्या निधीतून एक गाडी देऊन टाकतो.

मी नको म्हणाले. विधेयक तेवढं चर्चेला घ्या, म्हटलं. बघतो म्हणाले.

वहिनीला पाचवा महिना आहे हे मी विसरले नव्हते, दादा. तू चिडणार. मनात ठेवू नकोस, कागदावर चीड.

तुझी धाकटी


गिरणी, ९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

चिडलोच! दारात आलेली गाडी परत पाठवायला तुला कुणी सांगितलं होतं? इथून तालुक्याचा दवाखाना किती लांब ते तुला माहीत आहे, आणि तुझ्या वहिनीची तब्येत ही अशी नाजूक. शाई सांडली ती रागानेच, वेंधळेपणाने नव्हे.

गिरणीत सांगून बसलो. लोक पिठाचे डबे ठेवून भांडायला उभे राहिले. शिंपी म्हणाला, आमची आमदारीण शहाणी झाली, आता आम्ही मरायला मोकळे. मीही त्याच्या सुरात सूर मिसळला. तुझी वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, की डोंगरापलीकडच्या गावांनी हिला मतं दिली नव्हती का? तिकडच्या बायका बाळंत होत नाहीत का? शिंप्याने डबा उचलला. मी पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली, दुसरं काय करणार?

आता नाही म्हणालीच आहेस, तर विधेयक घेऊनच घरी ये. आणि वेळेवर जेवत जा.

तुझा दादा


राजधानी, ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं, दादा! मंजूर झालं!

अध्यक्षांनी शब्द पाळला, पण वेळ दिली शुक्रवारी संध्याकाळची. निम्मे सदस्य घरी पळालेले, उरलेले पेंगत होते. मी उठले तर मागून एकाने टोमणा मारला, की गुरांच्या डॉक्टरीण बाई इकडे कशा? माझ्या तोंडून निघून गेलं, की सवय जाऊ नये म्हणून आले, फक्त तिकडचे पेशंट तपासू तरी देतात. सभागृह खदखदून हसलं. कॅन्टीनमधले सदस्य काय झालं ते बघायला आत आले आणि तिथेच बसले. मग मी न थांबता बोलले. माइकचा विसरच पडला. थोडक्या मतांनी निसटलो.

आता कडू बातमी. गाडी आपल्या गावात नाही, खाणीजवळच्या फाट्यावर उभी राहणार. चार गावांना तेच मधलं ठिकाण आहे. शिंप्याला कसं सांगायचं ते तूच बघ.

वहिनीला जप.

तुझी धाकटी


गिरणी, २९ मे

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तू आत्या झालीस. मुलगी! दोघी ठणठणीत आहेत. आता सविस्तर ऐक.

परवा दुपारी कळा सुरू झाल्या. फोन केला तर गाडी डोंगरापलीकडे गेलेली, एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं. ड्रायव्हर म्हणाला, फाट्यावर या, तिथूनच घेतो. पिठाच्या टेम्पोत गादी टाकून निघालो. फाट्यावर उभं राहून मी तुला काय काय बोललो ते लिहीत नाही, पोरगी मोठी होऊन वाचेल.

गाडी आली. म्हातारा आडवा पडलेला, तोंडावर नळी. तुझी वहिनी शेजारच्या बाकावर. कळ आली की ती त्याचाच हात आवळायची. तर तो नळी बाजूला सारून ड्रायव्हरला ओरडायचा, की हळू चालव, पोरीला धक्के बसतायत. नर्सने त्याला दोनदा दटावलं.

डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याला आणखी थोडा उशीर झाला असता तर तो हाती लागला नसता. त्या दिवशी गाडी आपल्या दारात उभी असती, तर मी आधी बायकोला घेऊन निघालो असतो आणि मागे वळूनही पाहिलं नसतं. हे गिरणीत कुणाला बोललो नाही. तुला लिहितोय.

आज म्हाताऱ्याने खाटेवरून बाळाला बघायला मागितलं. आमदारीणबाईंची भाची आहे, असं तुझी वहिनी अभिमानाने म्हणाली. त्याने पोरीला निरखून पाहिलं आणि म्हणाला, गेल्या खेपेला मी त्या बाईंच्या विरोधात मत दिलं होतं. मग बराच वेळ तिची मूठ उघडण्याची खटपट करत राहिला. शेवटी म्हणाला, बघू आता.

नाव तूच ठेवायचंस असा वहिनीचा हुकूम आहे. लवकर ये.

तुझा दादा