सातवीचं गणित सोडून

डोळखांब,
१३ जुलै २०२५

ती. चंद्रकलाताईंना संघरत्नाचा सविनय जय भीम.

पत्र पाहून दचकू नका. हल्ली पत्र येतं ते कोर्टातून नाहीतर विमा कंपनीतून, त्यात भावजयीचं पत्र म्हणजे नवलच. फोन केला असता, पण हे मुरबाडला आले की तुमचा फोन हातात घेऊन बसतात, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तुमच्या शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. आम्ही कल्याण सोडून जानकीमावशीकडे आलो, हे तुमच्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

इकडे सगळे ठीक. भाताची आवणी जोरात आहे. दीप्ती पहिल्याच दिवशी चिखलात बसकण मारून आली आणि मावशीच्या शिव्या खाऊन पुन्हा गेली. अनिकेत बांधावरून रोपांच्या मुठी पोचवतो. बोलतो कमी, पण जेवतो नीट.

मुख्य काम असं. मुलांना यंदा घरीच शिकवावं म्हणते. अनिकेत सातवीत, दीप्ती सहावीत. तुम्ही इतकी वर्षं शिकवताय, तेव्हा अभ्यासक्रम कुठला घेऊ ते तुम्हीच सांगा. सरकारी पुस्तकं घेतली तर मला शिकवता येतील, मी बारावीपर्यंत त्यातूनच शिकले. फोनवरचं एक ॲप आहे, त्यात बाई फार गोड बोलते, पण इथे रेंज आंब्याच्या झाडाखालीच मिळते आणि तिथे मुंग्या आहेत. मुक्त विद्यालयातून घरी अभ्यास करून परीक्षा देता येते असं ऐकलं. ते मला सगळ्यात बरं वाटलं होतं. नाव नोंदवायला बसले, तर आधारचा ओटीपी मागितला. मुलांच्या आधारला नंबर यांचा आहे. मी फोन तसाच उपडा ठेवला.

शाळेत का घालत नाही म्हणाल. दाखला नाही. मागायला गेलं की कल्याणची शाळा आधी वडिलांना फोन करणार. मावशी रोज माझं डोकं खाते, "पोरांना शालेत घाल गो. घरी काय शिकवशील, नाचणी खुडाया?" मी म्हणते, शहरात मोठमोठ्या घरची मुलं हल्ली घरीच शिकतात. ती म्हणते, "त्यांच्या घरात वरती पंखा तरी आसल."

तर पुस्तकं पाठवाल का? मराठी, इतिहास, विज्ञान, भूगोल, इंग्रजी. सातवीचं गणिताचं पाठ्यपुस्तक मात्र नको. गणितासाठी दुसरं काही असेल तर बघा, जुनं, परक्या राज्यातलं, कसलंही चालेल. अनिकेतला त्या पुस्तकाचा कंटाळा आलाय.

मुलांचा आत्याला जय भीम.

तुमची,
संघरत्ना

—

डोळखांब,
१० ऑगस्ट २०२५

ती. चंद्रकलाताईंना जय भीम.

पुस्तकं पोचली. खाकी कागदात बांधून, वर दीप्तीसाठी रंगपेटी. तुम्ही एवढी तसदी घेतलीत, मला भरून आलं. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, "मुलांना घरीच ठेव, थोडे दिवस गप्प राहा, सगळं शांत होईल." बरं.

सहावीचा भूगोल दीप्तीने दोन दिवसांत कादंबरीसारखा वाचून टाकला. विज्ञान आम्ही शेतावरच करतो. पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब का भाजतात, नाचणी डोंगराच्या उतारावर का येते, हे मावशीला विचारायचं आणि मग पुस्तकात शोधायचं. पुस्तकात सापडलं नाही की मावशी खूश होते.

ताई, गठ्ठ्यात गणिताचं पुस्तक होतं. तेच. मी नको म्हणून लिहिलं होतं. संच पुरा असावा म्हणून तुमच्या हातून आलं असेल, मी रागावलेली नाही. पण गठ्ठा अनिकेतने सोडला. कव्हर दिसल्याबरोबर तो उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला, हात मांडीला चिकटवून. मी हाक मारली, ऐकली नाही. त्याच्या चड्डीतून पाणी खाली आलं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर. बारा वर्षांचा मुलगा. दीप्तीने फडकं आणलं, जसं तिकडे आणायची तसंच.

कंटाळा नव्हे. तुम्हाला कंटाळा लिहिलं, कारण दुसरा शब्द लिहायला हात चालेना. आज लिहिते. तुमचे भाऊ कामावरून आले की हातपाय धुऊन अनिकेतला उभा करायचे. बसून गणित होत नाही म्हणायचे. ते पुस्तक ओट्यावर उघडं, आणि शेजारी गॅसवर तापत ठेवलेला कालथा. "वापरणार नाही, नुसता ठेवलाय, लक्ष लागतं त्याने," असं मला सांगायचे, अगदी शांत आवाजात. मी मध्ये पडले की पाढा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी मध्ये पडणं सोडलं. मग होळीच्या आधी एकदा त्यांनी तो वापरला, तो दिवस तुम्हाला सांगायला नको. डावी पोटरी. डॉक्टरला आम्ही मोटरसायकलचा सायलेन्सर लागला म्हणून सांगितलं, आणि अनिकेतनेही तेच सांगितलं, न अडखळता.

ते पुस्तक मी चुलीत घातलं. मावशी ओरडली, पुस्तक जाळतात का कुणी, बाबासाहेबांच्या लेकरांनी? मी तिला अजून सगळं सांगितलेलं नाही. तोवर अनिकेतचं गणित मी बिनपुस्तकाचं घेते. वाफा किती लांब, किती रुंद, रोपं किती लागतील. तो मातीत काडीने करतो आणि बरोबर करतो. मी मागे उभी राहिले तर मात्र हात थांबतो. म्हणून मी समोर बसते.

आता दुसरं, आणि याचीच जास्त भीती आहे. वर्षावास सुरू आहे, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. नेहमी वाचणाऱ्या सदानंदकाकांचा चष्मा फुटला म्हणून दीप्तीला वाचायला बसवलं. काय वाचली हो पोरगी! बाया डोळे पुसत होत्या. शाळा सुटल्यापासून तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मीही फुशारून बसले. हा तिचा मराठीचा तास समजू, असंसुद्धा मनात आलं.

विहाराच्या मंडळातल्या आदेश नावाच्या पोराने त्याचा व्हिडिओ काढला. आपल्यात मुलाचं कौतुक करायचं तर पूर्ण नावानिशी करतात, बापाचं नाव, मूळ गाव, हल्ली मुक्काम. तसंच त्याने खाली लिहिलं. कुमारी दीप्ती मुकेश, कल्याण, हल्ली डोळखांब. मला दुसऱ्या दिवशी कळलं. धावत गेले. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "काढतो ना ताई. पण आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर गेलाय तो. लय लोकांनी हात जोडलेत बघा." मुरबाडच्या ग्रुपवरही गेला असेल. तुम्ही पाहिलात का? त्यांनी पाहिला का? तेवढंच कळवा.

मोटरसायकलचा आवाज आला की मी पोरांना आत ओढते. इथे प्रत्येक घरी मोटरसायकल आहे.

तुमची,
संघरत्ना

—

डोळखांब,
२१ ऑगस्ट २०२५

चंद्रकलाताई, जय भीम.

हे पत्र सदानंदकाका स्वतः घेऊन येताहेत. पोस्टावर सोडायला वेळ नाही.

काल दुपारी मावशीच्या फोनवर मुकेशचा फोन आला. मावशीने आवाज मोठा करून धरला होता, तिला तसंच ऐकू येतं. मला त्याने काही विचारलं नाही. ओरडला नाही, शिवी दिली नाही. म्हणाला, "अनिकेतला दे." मी देणार नव्हते, पण अनिकेतने बापाचा आवाज ऐकला होता आणि तो आधीच भिंतीशी जाऊन उभा राहिला होता. मुकेश म्हणाला, "सतराचा पाढा."

आणि अनिकेतने म्हटला. सतरा एके सतरापासून एकशे सत्तरपर्यंत, एकदाही न चुकता, फोनकडे बघत. मी फोन ओढून बंद करायला हवा होता. माझे हात हललेच नाहीत, ताई. इतक्या लांब येऊनसुद्धा मी त्याच ओट्यापाशी उभी होते. पाढा संपल्यावर मुकेश म्हणाला, "शाब्बास. विसरला नाहीस. रविवारी न्यायला येतो."

फोन ठेवल्यावर मावशीने मला विचारलं, "ह्यो पोर असा का उभा ऱ्हायला गो?" मग मी तिला सगळं सांगितलं, पोटरीही दाखवली. तिने त्या डागावर हात ठेवला. मग नेसत्या लुगड्याचा पदर खोचून म्हणाली, "चल. आपन काय चोरी नाय केली लपून ऱ्हायाला."

आधी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी पोरांना वर्गात बसवूनच घेतलं. म्हणाल्या, दाखला नंतर आला तरी चालतो, त्याच्यासाठी मूल अडवता येत नाही, असा कायदाच आहे. दोन महिने मी अभ्यासक्रम शोधत होते! ताई, तुम्ही शाळेत शिकवता. हा नियम तुम्हाला ठाऊक असणार. तरी तुम्ही मला पुस्तकं पाठवलीत आणि गप्प राहा म्हणालात.

तिथून पोलिस ठाण्यात गेलो. तिथे एक पोलिसबाई होत्या, त्यांनी नीट ऐकून लिहून घेतलं. अनिकेतला मात्र बोलता येईना. सायलेन्सर लागला, एवढंच म्हणाला, पुन्हा पुन्हा. घोकून पक्कं झालंय त्याचं. बाईंनी मला विचारलं, "घरात तेव्हा आणखी कुणी होतं?"

होतं. तुम्ही होतात. तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात, मटार सोलत बसला होतात. अनिकेत ओरडला तेव्हा तुम्ही उठून टीव्हीचा आवाज वाढवलात, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. नंतर तुम्हीच त्याच्या पायावर पाणी ओतत बसलात आणि मुकेश मागे येऊन उभा राहतो का म्हणून पुन्हा पुन्हा वळून बघत होतात. म्हणून दोष द्यायला हे लिहीत नाही. तुम्हीही त्याला भिता, हे मला त्या दिवशी कळलं. मोठी बहीण असून भिता. घाबरलेल्या माणसाला आवाज वाढवण्यापलीकडे काही सुचत नाही, मी काय वेगळी होते?

पण मी बायको आहे. मी सांगितलं तर नवराबायकोचं भांडण म्हणतील, आणि अनिकेत सायलेन्सर म्हणतो. तुम्ही मुकेशची सख्खी बहीण आहात, आणि शाळेतल्या बाई आहात. तुमचं म्हणणं कुणी टाळू शकणार नाही. हे त्यालाही माहीत आहे. आजवर त्याला ज्या एकाच माणसाच्या गप्प राहण्याची खात्री होती, ते तुम्ही.

मला आता तुमच्याकडून पुस्तक नको. सल्ला नको, पोलिसांपुढे जबाब हवा. तुम्ही मुरबाडला बसून किती दुखावल्या जाल, भावाचं घर तुटेल, आई काय म्हणेल, हे सगळं मी मनात धरलंय. मीही खूप भ्यायले आहे. अनिकेत आज वर्गात शेवटच्या बाकावर, दाराकडे तोंड करून बसला होता. गणिताच्या तासाला बाईंनी त्याला बाहेर पाणी भरायला पाठवलं, मी सांगून ठेवलंय म्हणून. असं किती दिवस पाठवतील?

रविवारी मुकेश येईल. तुम्ही शनिवारी या.

अनिकेत आणि दीप्तीची आई,
संघरत्ना