उजव्या बिजागरीवरचा ठिपका

आबा,

परवा शुक्रवारी गाडीच्या बॉनेटला, ते उघडं धरून ठेवणारे गॅसचे शॉकअप बसवून घेतले. तेच कळवायचं म्हणून लिहायला बसले असं म्हटलं असतं, पण तुम्ही ओळखलं असतंत की मला दुसरंच काहीतरी सांगायचं आहे. ते यायला वेळ लागेल. आधी शॉकअपचं सांगते.

गाडी माझ्या नवऱ्याची. ते जाऊन सहा वर्षं झाली. छोटी, गोल दिव्यांची, पुढून जराशी रुसल्यासारखी दिसणारी गाडी. तुम्ही कामाला होतात त्या गॅरेजमध्ये ते वकीलसाहेब दुरुस्तीला आणायचे, अगदी तसलीच. यांनी ती भंगारातून उचलून दारात आणून उभी केली तेव्हा मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. का, ते त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी आपलं ठरवून टाकलं की हिला जुन्या वस्तूंचा पसारा आवडत नाही. पुढे त्याच गाडीतून आम्ही खूप फिरलो, आणि आता दर रविवारी मी ती सुरू करते, पाणी बघते, ऑइल बघते. हे असते तर हेच करत असते, म्हणून करते. त्यापलीकडे काही नाही.

बॉनेट जड लोखंडाचं. एका हाताने उचलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने टेकूची दांडी खाचेत बसवायची. माझा उजवा खांदा आखडला आहे, त्यामुळे मधला एक क्षण ते बॉनेट कोणाच्याच हातात नसतं. गेल्या महिन्यात दांडी निसटली आणि ते मनगटावर आलं. लेक हिंजवडीहून आली, सूज बघून म्हणाली, "आई, एक तर ही विकून टाक, नाहीतर गॅस स्ट्रट्स लावून घे. आजकाल सगळ्या गाड्यांना असतात." विकायची नव्हती.

गॅस म्हटल्यावर मला सिलिंडर आठवला. मी वाचून काढलं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, बाकी सगळं मी वाचनालयात बसून मिळवलं आहे. पण छापलेलं आहे म्हणून मी ते लगेच खरं मानत नाही. एका पुस्तकात सापडलं तर ऐकून घेते, दुसऱ्यात सापडलं तर निम्मं मानते. या दांड्यांच्या आत नायट्रोजन दाबून भरलेला असतो, तो पेटत नाही, हे मला तीन ठिकाणी सापडलं. तरीही वारज्याच्या मिस्त्रींना विचारलंच. पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच काम करतात, पन्नाशीचे असतील. शुक्रवारी नमाज उरकून येतो, दोननंतर या, म्हणाले होते.

"आत गॅस आहे म्हणे. फुटला तर?"

"ताई, त्यावर कुकर ठेवू नका, म्हणजे झालं."

"दांडी निदान डोळ्यांना दिसते. हे कशाच्या जोरावर धरून ठेवणार ते दिसतच नाही."

"दिसणारीच पडली ना मनगटावर?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले आणि सुतळीने मापं घ्यायला लागले.

माणूस कामात पक्का वाटला. एवढ्या सहजपणे पक्का वाटला म्हणूनच मला शंका आली. म्हणजे खरं सांगायचं तर शंका आधीच आली होती. त्या दिवशी सकाळी, पार्किंगमध्ये कोणी नाही असं बघून, मी लेकीची जुनी नेलपॉलिशची बाटली घेऊन खाली गेले होते. बॅटरी, डायनॅमो, कार्बोरेटर आणि बॉनेटच्या दोन्ही बिजागऱ्या. प्रत्येकावर, सहज नजर जाणार नाही अशा जागी, एकेक लाल ठिपका. या गाडीच्या बिजागऱ्या आता मिळत नाहीत. कोणी चांगली काढून झिजलेली बसवली तर मला काय कळणार?

ठिपका. तुम्हाला हा शब्द वाचून काय वाटलं असतं, आबा?

मी बारा वर्षांची आहे. उन्हाळ्याची सुट्टी. नाना पेठेतल्या गॅरेजमध्ये तुमचा डबा घेऊन आले आहे आणि वकीलसाहेब बॉनेटमध्ये वाकून बघताहेत. मग ते सरळ होतात आणि तुमच्याशी नाही, मालकांशी बोलतात. "आमच्या हिने कार्बोरेटरवर नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. बॅटरीवरचा आहे, यावरचा नाही. माझा कार्बोरेटर बदललाय तुमच्या माणसाने." तुम्ही म्हणता, "साहेब, आत राळ धरली होती, पेट्रोलने निघेना, म्हणून थिनरने धुतला. त्यात गेला असेल ठिपका." साहेब हसतात. मोठ्याने नाही, नुसतं ओठांनी. "असं तुम्ही म्हणणारच." मालक तुम्हाला हात जोडायला सांगतात. तुमचे हात कोपरापर्यंत काळे, आणि ते जोडताना तुम्ही आधी पँटला पुसले. ते पुसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या दिवसापासून मालकांनी तुम्हाला इंजिनाला हात लावू दिला नाही. शेवटपर्यंत तुम्ही गाड्या धूत राहिलात. गॅरेजमधला सगळ्यांत चांगला कान तुमचा. चालू इंजिन नुसतं ऐकून तुम्ही दोष सांगायचात. तुम्ही नळी धरून उभे, आणि आत दुसरे कोणीतरी चुकीचा स्क्रू पिळताहेत.

तर परवा. मिस्त्रींनी बॉनेट ताणाच्या काट्याला अडकवून त्याचं वजन घेतलं. मोठ्या गाडीच्या डिकीचे शॉकअप लावले तर पत्राच वाकेल, म्हणाले, आणि हलके निवडले. गाडीला नवीन भोक पाडायचं नाही अशी माझी अट होती, म्हणून बिजागरीच्याच बोल्टांवर पट्ट्या घेतल्या. मी स्टुलावर बसून डोळ्याची पापणी लवू न देता बघत होते. मध्ये लेकीचा फोन आला, शेडमध्ये रेंज येईना, म्हणून रस्त्यावर गेले. दहा मिनिटं. परत आले तेव्हा डावी पट्टी बसवायची राहिली होती, उजवी बसली होती. मी चष्मा चढवला आणि वाकले. उजव्या बिजागरीवर ठिपका नव्हता.

"माझी बिजागरी कुठे आहे?"

"ही काय."

"ही माझी नाही. माझ्या बिजागरीवर खूण होती."

मिस्त्रींनी पान्हा खाली ठेवला. डाव्या बिजागरीजवळ तोंड नेलं, बराच वेळ बघितलं. "नेलपॉलिश?" त्यांनी कोपऱ्यातलं फडकं उचललं, जे थिनरमध्ये भिजवून ते पट्टीखालचं ग्रीस काढत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत डाव्या बिजागरीवरून एकदा फिरवलं. ठिपका गेला. फडक्यावर थोडंसं गुलाबी राहिलं.

"घ्या ताई," ते म्हणाले. "आता दुसरीपण बदलली."

मी स्टुलावर बसले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "करतात हो लोक. राग नाही. फक्त पुढच्या वेळी सांगून लावा, मी जपून पुसेन." मला माफी मागायची होती. मी म्हटलं, "काम झालं की फोन करा," आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

घरी येऊन मी खात्री केली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. रंगाच्या दुकानातून थिनर आणलं, स्टीलच्या चमच्यावर ठिपका लावला, वाळू दिला, पुसला. गेला. दुसरा लावला, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला. तोही गेला. यावरून तुम्ही खरं बोलत होतात हे सिद्ध होत नाही, एवढंच होतं की तुम्ही खरं बोलत असू शकता. एवढं मी तेव्हाही करून बघू शकले असते. बारा वर्षांच्या मुलीला नाही जमलं, ठीक आहे. वीस वर्षांच्या, पस्तीस वर्षांच्या बाईला काय झालं होतं?

कारण मला आणखी एक गोष्ट माहीत होती. आपल्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, कापडात गुंडाळलेला एक कार्बोरेटर होता. तसल्याच छोट्या गाडीचा. मी तो आदल्या आठवड्यात पाहिला होता. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात ते पायही न धुता सरळ त्या डब्याकडे गेलात. डबा सरकवला. मोरीत बघितलं, खाटेखाली बघितलं. "इथला कार्बोरेटर कुठे गेला?" आई म्हणाली, मी कशाला हात लावू. मग तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, मला माहीत नाही. जेवताना तुम्ही आईला सांगत होतात की तो जुन्या बाजारातून आणलेला, तडा गेलेला होता, त्यातली जेट, ती पेट्रोलची बारीक तोटी, काढून साहेबांच्या कार्बोरेटरला बसवली, दोन्ही शेजारी ठेवून दाखवले असते तर साहेबांना पटलं असतं. मी भात कालवत ऐकत होते आणि मनात म्हणत होते: असं तुम्ही म्हणणारच.

बॉनेट आता एका बोटाने वर जातं आणि आपोआप थांबतं. तरी मी आत वाकते तेव्हा डावा हात वर धरून ठेवते. टेकूची दांडी टाकली नाही, डिकीत आहे. बॅटरी, डायनॅमो आणि कार्बोरेटरवरचे ठिपके आज सकाळी पुसले. मिस्त्रींना फोन करून माफी मागायची राहिली आहे.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही. त्या दुपारी गॅरेजमधून मी पळत घरी गेले होते. पोलीस येतील असं वाटलं. पिठाच्या डब्यामागचा तो कार्बोरेटर काढून तुमच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातला आणि घरामागे नेला. तुम्ही विचारलं होतंत, आबा. तो कालव्यात आहे.