रेड ऑक्साईडचं भूत

१३ जुलै, रविवार

आणि आईले कोण सांगन की भूत हे खर्चाचं काम नाही, कमाईचं काम आहे! फोनवर पुन्हा तेच. दीक्षाचा नर्सिंगले नंबर लागला, पाच ऑगस्टपर्यंत सहा हजार भरले नाही तर सीट गेली, आणि तू तिकडं भिलाईत सिनेमे काढून राहिला. मी म्हटलं, सहावर कावून अडली तू, पन्नास हजार पाठवतो. मागून बाबा बोलले, नववीतून उठलेल्याले विचार, पन्नास हजारात शून्य किती. मी फोन ठेवून दिला. अपमान झाला की मी बोलत नसतो.

(चार. नंतर लिहून पाहिले.)

स्पर्धा पक्की आहे. यूट्यूबवरच्या एका चॅनलची. हॉरर फिल्म, दहा मिनिटांची, पहिलं बक्षीस पन्नास. शेवटची तारीख २७. फोन माझा, डोकं माझं. दीक्षाले सांगून टाकलं, फी दादाकडे. ती म्हणे, दादा, नक्की ना? नक्की म्हणजे काय! बहिणीले शब्द दिला आहे.

१५ जुलै, ड्यूटीवरून आल्यावर

कथा तयार. तीन दोस्त. जंगलात एकटी झोपडी. एकेक करून तिघंही मरतात.

खुर्सीपारच्या या खोलीत आम्ही तिघं. मी, पियूष, अमरदीप. तिघंही स्टील प्लांटमध्ये एकाच ठेकेदाराकडे, पेंटिंगच्या गँगमध्ये. दोघांले कथा ऐकवली. पियूषनं विचारलं, तिघं मेल्यावर फोन कोण पकडन? पियूषचं हे असंच. निगेटिव्ह माणूस. अमरदीप म्हणे, भाई, मेरे को पहले मार दे, मेरा सेकंड शिफ्ट है. शेवटी असं ठरलं की अमरदीप अगोदर मरन आणि मग त्याचंच भूत होईन. एका माणसात दोन रोल. याले प्लॅनिंग म्हणतात.

संकल्प: रोज एक पान संवाद लिहिणे.

१९ जुलै

संवाद नाही लिहिले. खरी भीती मुकी असते.

लोकेशन भेटलं. आमच्या गँगमधल्या सुखराम काकाची शेतातली झोपडी, पाटण रोडवरून तीन किलोमीटर आत. २४ ले हरेली, इकडचा शेतकऱ्यांचा सण, सुट्टी आहे. काका म्हणे, बेटा, त्या दिवशी नको, हरेलीले आमी गाव बांधतो, दारोदार कडुनिंब खोसतो, वाईट हवा येऊ नये म्हणून. मी म्हटलं, काका, आमच्या घरी भूत-प्रेत मानत नाहीत, मी तर लहानपणापासूनच मानत नाही. तरी रात्रीचा सीन दुपारीच घ्यायचा असं ठरवलं. फोनवर निळा जिलेटिन कागद लावायचा. हे भीतीसाठी नाही, लाईटसाठी.

२२ जुलै

रक्तावरून वाद. पियूष म्हणे, बीट किस. अमरदीप म्हणे, आलता आण. बीटाचं रक्त कॅमेऱ्यात शरबत दिसते. दोन वर्षं झाली, रोज आठ तास पाइपाले रेड ऑक्साईड मारतो मी. लाल रंग मले शिकवता? हार्डवेअरच्या दुकानातून त्याच रेड ऑक्साईडचा एक लिटर प्रायमर आणला. घट्ट, काळपट लाल, एकदम माणसाचं.

दीक्षाचे म्हणून साडेतीन हजार वेगळे ठेवले होते. त्यातून हजार उसने घेतले. माझ्याचकडून मीच घेतले, म्हणजे कर्ज नाही.

२४ जुलै, हरेली, संध्याकाळी

शूटिंग झालं. इतिहास झाला.

डायरेक्टरच्या नात्यानं खरं ते लिहून ठेवतो, कारण पियूष उद्या गँगमध्ये उलटं सांगन.

सकाळी गेलो तर काकानं झोपडीच्या दारावर कडुनिंबाची ही मोठी फांदी खोसून ठेवली होती. दुपारपर्यंत अमरदीप ठीक मेला. मग भूत होऊन, पांढरी साडी नेसून, दाराशी आला आणि थांबला. म्हणे, अंदर नहीं आऊँगा. कावून? म्हणे, निंबाखालून भूत येत नसते, माझी आजी सांगते. मी म्हटलं, अबे तू भूत नाहीस. तो म्हणे, साडी तर घातली आहे ना, रिस्क कौन लेगा. फांदी काढावी तर काका गावचा नियम सांगे. शेवटी भूत बाहेर उभं राहून आत वाकून पाहते असा सीन घेतला. शेजारी साखर मागायले आल्यासारखं दिसलं.

मग शेवटचा सीन. माझा मृत्यू. चौकटीवर रंगाचा डबा दोरीनं बांधला होता, थेंब थेंब पडावं म्हणून. तिघांच्याही तोंडाले रंग आधीच फासलेला. पाऊस भुरभुर. पियूषनं फोन चालू केला. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. धानाच्या बांधावरून चार जण चालत येऊन राहिले होते. डोकं झोपडीच्या छपराएवढं उंचावर. पाय लाकडाचे. टक टक टक.

मी पळालो नाही. अँगल पाहायले जोरात बाहेर गेलो. दारात डोकं डब्याले लागलं आणि लिटरभर रंग माझ्यावर आला. मग मी अमरदीपवर पडलो.

ते गावातले पोट्टे होते. हरेलीले गेडीवर चढून फिरतात, बांबूच्या उंच पायांवर. काकानं विचारलं, बेटा, तू तो मानता नहीं था ना? पोट्टे गेडीवरून उतरले नाहीत. वरूनच हसले.

२५ जुलै, शुक्रवार

रंग निघत नाही.

साबण, खोबरेल तेल, रॉकेल. थिनरनं पियूषची भिवई गेली. प्लांटच्या गेटवर चेहरा दाखवून हजेरी लागते. मशीननं मले पाहिलं, लाल लाईट दिला. पुन्हा पाहिलं, पुन्हा लाल. मागं लाईन लागली. कुणी बोललं, अरे, पाइपलाइन खुद चल के आ गई. सुपरवायझर म्हणे, अतुल, पहिले माणूस होऊन ये. पियूष आणि अमरदीप पुसून पुसून गुलाबी झाले होते, मशीननं त्यांले घेतलं. माझ्या अंगावर डबाच होता.

हरकत नाही. एडिटिंगले सुट्टी पाहिजेच होती.

२७ जुलै

फिल्म पाठवली. सात मिनिटं. त्यातली दोन मिनिटं मी अँगल पाहायले जातो ती. पियूषनं फोन बंद नव्हता केला.

हजेरी नाही. चेहरा आता नारंगी.

३० जुलै

चॅनलनं फिल्म टाकली. पहिली कॉमेंट: भाई पेट दुख गया. वा! भीती थेट पोटात गेली. दुसरी: लाल वाले को फिर से दौड़ाओ. म्हणजे पार्ट टूची मागणी आहे.

गेटवर आजही लाल लाईट. सहा हजेऱ्या गेल्या. भाडं, मेस, रंग, थिनर धरून दीक्षाच्या साडेतीनातले दीड उरले.

२ ऑगस्ट

निकाल. यादी वरून खाली वाचली. खालून वर वाचली. जजलोक घाबरले असतील.

मशीननं आज चेहरा ओळखला. पण पगार दहाले.

३ ऑगस्ट, रविवार

फिल्मच्या खाली नवी कॉमेंट. दीक्षाची. दादा, चार वेळा पाहिली. तुझं तोंड असं कावून झालं? आग तर नाही ना होत? फीचं राहू दे, मी पुढच्या वर्षी पाहीन.

रिप्लाय द्यायले घेतला. मेकअप आहे म्हणून लिहिलं. खोडलं.

आग होते.

४ ऑगस्ट, सोमवार

फोन विकला नाही. अपग्रेडसाठी काढला. साडेचार आले, दीड होतेच. तशीही पुढची फिल्म अगोदर कागदावर लिहायची आहे, आणि कागदाले चार्जिंग लागत नाही. पियूष म्हणे, आता तरी मान. काय मान? मी काहीच मानत नसतो.

फोन नाही म्हणून पैसे दुकानातून टाकावे लागले. दुकानवाल्यानं माझ्या कानामागचा लाल रंग पाहिला आणि कमिशनचे साठ रुपये कापले. तेवढे आई घालन, वरून बोलन.

दीक्षाच्या नावानं पाठवले: पाच हजार नऊशे चाळीस.