घोडा बांधायचा दर

दारव्हा, ६ फेब्रु. १९५९
बाजार. बैलजोडी विकल्यापासून आमचा गोठा जणू सगळ्या गावाचा झाला. शाळेतून आलो तर बाजारकऱ्यांचे चार घोडे बांधलेले. विचारलं कुणी? छे! लीद मी काढायची. सखू म्हणते, "आता घोड्यांचे मोतद्दार झाले का तुमी?" पुढं तीच म्हणाली, पैसे घ्या. आमच्या पोरीची, सुमनची, यवतमाळच्या वसतिगृहाची फी निघेल. बायको बरोबर बोलली की जास्त चीड येते.

७ फेब्रु.
रहीमचाचांना विचारलं. तीस वर्षं टांगा हाकतात. "चार आने घ्या, मास्तर. चारा ज्याचा त्याचा, पानी तुमचं." फळा लिहिला : एक घोडा, २५ नवे पैसे.

१३ फेब्रु.
डोकं उठलं. "पंचवीस म्हंजे किती आने?" दिवसभर हेच. एकाची घोडी पिल्लासकट. "पिल्लू काहून मोजता? थे तं दूध पिऊन राह्यलं." सोडलं. लाथ मात्र पिल्लानंच मारली.

२० फेब्रु.
किसनराव पाटील आले, पांढरी घोडी घेऊन. घासाघीस नाही. बरं वाटलं. मग गडी बादली घेऊन नदीवर निघाला. आमची विहीर दहा पावलांवर, हौद भरलेला! घोडी नाजूक असेल म्हटलं. चाचा हसले. "घोडी तं पेते हो. मालकाले चालत नाही."
बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली. आम्ही जात सोडली, यांनी आमची धरून ठेवली आहे. आमची सावली चालते, लीद आम्ही काढलेली चालते. पाणी नाही.


२१ फेब्रु.
फळा पुसून नवा दर. इथलं पाणी पिणारा घोडा : चार आणे. न पिणारा : एक रुपया.

२७ फेब्रु.
पाटलांनी फळा वाचला आणि रुपया दिला! हूं नाही की चूं नाही. गडी पुन्हा नदीवर. सखू खूश. "देऊन तं राह्यला ना? घ्या गुपचाप." घेतला. म्हणजे आमचा अपमान रुपयाला विकला, आणि दरही मीच ठरवला. शहाणा मास्तर!

६ मार्च
ऊन फार. पाटलांचा गडी नदीवरून यायला उशीर. घोडीनं दावं तोडलं, सरळ हौदाशी गेली, मान खाली घालून प्याली. अख्खा बाजार बघत होता. पाटील आले. मला वाटलं, आता चाबूक काढतात. म्हणाले, "मास्तर, मंग चार आनेच ना?"
मी म्हटलं, "घोडीचे चार आणे. तुमचं काय?" तांब्या भरून पुढं केला.
तांब्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं.
"तहान नाही मले."
ओठ फुटलेले. पुढं तीन कोस ऊन. चार आणे दिले आणि गेले.
राग आला. कीव आली त्याचाही राग आला. पुढच्या बाजारी पुन्हा तांब्या पुढं करायचा का? सखू म्हणते करा.