तियोपासून मोजलेले मीटर

सोमवार, २ सप्टेंबर

नाही म्हणाले. हेल्मेट विल्डरला, खुर्ची मला.

खाण-संस्थेचे अध्यक्ष अनिसेतो यांचे शब्द: "पोरी, बाई आत गेली की धातूची शीर लपते. मग इथली चाळीस घरं काय दगड शिजवून खाणार? तू ऑफिसात बस. शेगडी आहे, जुने नकाशे आहेत. ते नीट उतरवून काढ."

विल्डर आणि मी एकाच वर्गातले. खाण-सर्वेक्षण, शेवटचं वर्ष. त्रिकोणमितीत तो दोनदा राहिला. तिसऱ्यांदा पास झाला तो माझ्या वह्यांवर. पदवीसाठी जमिनीखालचे एकशे साठ तास लागतात, खाणीच्या सहीशिक्क्यासह. विद्यापीठ मुलींना प्रवेश देतं, शिकवतं, परीक्षा घेतं. हे तास कुठून आणायचे, तेवढं सांगत नाही. डिसेंबरपर्यंत झाले नाहीत तर नाव कमी.

बुधवार, ४ सप्टेंबर

आतले तास – विल्डर चोवीस, मी शून्य.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

शुक्रवार म्हणजे तियोचा दिवस. तियो म्हणजे शिंगं असलेली मातीची मूर्ती, खाणीच्या आतला मालक. माणसं कोकाची पानं, सिगारेट आणि दारू घेऊन सकाळीच त्याच्यापाशी जाऊन बसली. खाणीचं दार आईने उघडलं. रोज तीच उघडते. आमची दगडी खोली खाणीच्या तोंडाशीच आहे. बाबा गेल्यावर संस्थेने आईला राखणीचं काम दिलं. सोळा वर्षं किल्ली तिच्या गळ्यात आहे. दाराच्या आत एक पाऊल नाही.

मी विचारलं, "कधी आत बघावंसं वाटलं नाही?"

"वाटून काय करायचं? सूप गार होतंय."

बुधवार, ११ सप्टेंबर

एक गोष्ट जुळत नाही.

इथे सगळी अंतरं तियोपासून मोजतात. पाटी नाही, खुंटी नाही. तियो सगळ्यांना माहीत, म्हणून तियो म्हणजे शून्य. जुन्या नकाशावर पाण्याने भरलेला, सोडून दिलेला बोगदा आहे: तियोपासून १३० मीटर. सध्याचं काम त्याच दिशेने चाललंय: तियोपासून ८४. म्हणजे मध्ये ४६ मीटर खडक. भरपूर.

पण नकाशांच्या पेटीच्या तळाशी एक कागद निघाला. अठरा वर्षांपूर्वी छत कोसळलं, त्याची नोंद. खाली एक ओळ: तियो नव्या कोनाड्यात हलवला. किती हलवला ते लिहिलेलं नाही. जुना कोनाडा कुठे होता त्याचं रेखाटन मात्र आहे – वळणाच्या अलीकडे, तिसऱ्या खांबामागे.

घरी येऊन आईला विचारलं. ती बटाटे सोलत होती. "हलवला की. तू चार वर्षांची होतीस. नवा घडवायला दोन पोती माती मीच दारापर्यंत वाहिली. पुढे तुझ्या बाबांनी नेली."

"आतल्या बाजूला नेला की बाहेरच्या?"

"आतल्या. किती ते मला काय विचारतेस?"

जुनी मापं जुन्या तियोपासून. नवी मापं नव्या तियोपासून. शून्य सरकलं, आकडे तसेच राहिले. तियो जेवढा आत गेला तेवढा खडक कमी. आणि माणसं दिवसाला मीटरभर पुढे जातायत.

गुरुवार, १२ सप्टेंबर

अध्यक्षांना कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली, परत दिला.

"म्हणजे तियोची मापं काढायची? तो काय शिंप्याकडे आलाय?"

ऑफिसातले सगळे हसले. मी हसले नाही. म्हटलं, फक्त दोन कोनाड्यांमधलं अंतर हवंय, तासाचं काम.

"हे बघ सेनोबिया, तुझ्या बाबांना मी ओळखत होतो, म्हणून गोडीत सांगतो. तियोला फीत लावली तर माणसं कामावर येणार नाहीत. आणि तुला आत जायचंय म्हणून हे काढलंयस, हे काय मला कळत नाही?"

हो, मला आत जायचंय. त्याने अंतर वाढत नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

विल्डरला रेखाटन देऊन पाठवलं. रिकाम्या हाताने परत आला. "जुना कोनाडा सापडत नाही गं. एक म्हणतो दहा मीटर, दुसरा म्हणतो चाळीस. तिसऱ्याने विचारलं, तुला सेनोबियाने नोकर ठेवलंय का?"

काम ८६ वर पोचलंय.

रविवार, १५ सप्टेंबर

रविवारी खाण बंद असते. सकाळी साडेसहाला आईसमोर हात पसरला. "किल्ली दे."

तिने दिली नाही. म्हणाली, "फीत कोण धरणार दुसरीकडून?"

मी याचा विचारच केला नव्हता. पन्नास मीटरची फीत, टोकं दोन, आणि मी एकटी. चार वर्षं शिकून.

"किल्ली गेली तर खोलीही जाईल," मी म्हटलं.

"ते मला ठाऊक आहे. तुझं हेल्मेट कुठेय?"

नव्हतं. बाबांचं एक होतं, ते तिनेच माझ्या डोक्यावर ठेवलं. स्वतः फेल्टची टोपी तशीच. दारात थांबली नाही. मीच थांबले, क्षणभर.

आत गरम आहे. बाहेर बर्फासारखा वारा आणि आत घाम. तियोपाशी आईने कोकाची पानं ठेवली आणि त्याला म्हणाली, "फार वेळ घेत नाही. मुलीचं काम आहे." मग फितीचं शून्य त्याच्या पायाशी घट्ट दाबून बसली. जुना कोनाडा रेखाटनाबरहुकूम तिसऱ्या खांबामागेच. दगड रचून बुजवलेला. आत पानांचा काळा चुरा आणि एक फुटकी बाटली. तीनदा मोजलं.

३१.४० मीटर. तीनही वेळा, सेंटिमीटरच्या आत.

मग कामाच्या टोकापर्यंत जाऊन तेही मोजलं: नव्या तियोपासून ८७.१०. बेरीज ११८.५०. पाण्यापर्यंत उरले ११.५०.

आत ६.५० ला, बाहेर १० ला. तीन तास दहा मिनिटं.

सोमवार, १६ सप्टेंबर

पाळीआधी दारातच अध्यक्षांना आकडा सांगितला. "कुणी मोजलं?" "मी आणि आईने." ते आईकडे बघत राहिले. आई त्यांच्याकडे. शेवटी म्हणाले, आज सुरुंग नको, लांब छिद्र घेऊन बघा.

दुपारी अकराव्या मीटरला छिद्रातून पाणी आलं. लाकडी दट्ट्या ठोकून बंद केलं. सगळी माणसं वर आली. माझ्याशी कुणी बोललं नाही. एकाने आईला कोकाची पिशवी दिली आणि तसाच निघून गेला.

बुधवार, १८ सप्टेंबर

अध्यक्षांनी बोलावलं. टेबलावर माझं प्रमाणपत्र. एकशे साठ तास भरलेले, शिक्का मारलेला, सही तेवढी बाकी. शेजारी अहवाल: मोजणी, विल्डर चोके.

"बाई आत गेली हे सभेत निघालं तर राखणीचं काम राहणार नाही आणि मी काही करू शकणार नाही. तुला पदवी, आईला खोली, माणसांना शांती. कुणाचं काय बिघडलं?"

विल्डर जमिनीकडे बघत होता. हळूच म्हणाला, "घे गं. अशी संधी परत येत नाही."

मी म्हटलं, एका कागदावर आकडा चुकीचा आहे, दुसऱ्यावर नाव.

आईला सांगितलं. तिने किल्ली गळ्यातून काढून कपाटावर ठेवली. "न्यायला आले तर शोधत बसायला नको."

शुक्रवार, २० सप्टेंबर

सभा. आम्ही सभासद नाही, म्हणून दाराबाहेर उभ्या. विल्डरने अहवाल वाचला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "जुना कोनाडा नेमका कुठे आहे रे? मी होतो तेव्हा. सांग बघू."

विल्डरने अहवाल खाली ठेवला. मग म्हणाला, "मी मोजलं नाही. मला तो सापडलाच नाही." आणि दाराकडे बोट केलं.

मी दारातूनच सांगितलं: वळणाच्या अलीकडे, तिसरा खांब, फुटकी बाटली. म्हातारा म्हणाला, "बाटली मीच फोडली होती."

मग आरडाओरडा. शीर लपणार. शीर गेली खड्ड्यात, आपण वाचलो. बायका उद्या सुरुंगही लावतील. मी आवाज थांबेपर्यंत थांबले आणि म्हटलं, अठरा वर्षांचं प्रत्येक माप परत घ्यावं लागेल, खडकात खुंटी ठोकून. तोवर तुम्ही कुठे खोदताय ते तुम्हालाच माहीत नाही.

मी आत जाऊन मापं घ्यावीत का, यावर हात वर. माझ्या बाजूने तेवीस, विरुद्ध एकोणीस. अध्यक्ष विरुद्ध. आईची किल्ली काढून घेतली, खोली महिनाअखेर रिकामी करायची. त्यावर हात मोजलेच नाहीत.

सोमवार, २३ सप्टेंबर

नवं प्रमाणपत्र मिळालं. आतले तास: तीन तास दहा मिनिटं. मी ते वाढवू दिले नाहीत. उरलेले उद्या सातपासून. मदतनिसाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं. अध्यक्षांनी पेन बराच वेळ हातात धरलं आणि सही केली.