बलकांवातला कॅमेरा

बेंगळुरू, रविवार

तीर्थरूप बाबांना सिद्धीचा नमस्कार.

मी मजेत आहे. गणपतीच्या चवथीला घरी ठेवलेली इंटरनेट मोजायची माझी डबी नीट चालते, आपल्या पार्से गावचा वेग इथल्यापेक्षा बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

एकच गोष्ट खटकते. रोज दहाला तुम्ही काजूच्या बागेत गेलात की घरातून बाहेर जाणारा डेटा एकदम वाढतो, आणि तुम्ही परतलात की ओसरतो, पण पुरता थांबत नाही. दारापुढच्या बलकांवातल्या कॅमेऱ्यातून कोणीतरी इंटरनेटवरून पाहतो, बाबा. मी नव्हे. मस्कतला साईशदादाला विचारले, तोही नव्हे.

कॅमेरा बसवताना नारळ ठेवून देवीचेच नाव पासवर्ड केलेत. आपल्या वाड्यावर घरोघरी सगळ्यांनी तेच केले. देवी राखते हो, पण तिचे नाव अख्ख्या पेडण्याला पाठ आहे!

फोनवर सांगितले असते, पण तुम्ही स्पीकर लावून बोलता आणि कॅमेऱ्याला ऐकूही येते. मुकाट्याने त्याची वायर काढा.

पत्रे तुम्ही बलकांवात बसून आईला वाचून दाखवता, म्हणून पाकिटावर ‘मनात वाचा’ असे लिहिले आहे. तरीही मोठ्याने वाचत असाल, तर एव्हाना त्या पाहणाऱ्यानेही सगळे ऐकले. उद्या आईला एकटी ठेवून बागेत जाऊ नका.

तुमची,
सिद्धी