पिसूची गाडी

२ सप्टेंबर

पोचलो एकदाचा! दोन दिवस बसमध्ये बसून कमरेचा पार भुगा झालाय, पण मी खूश आहे. चाळीस वर्षं बस दुरुस्त केल्या, त्यांच्या सीटवर बसणाऱ्यांचे काय हाल होतात ते आज कळलं. पोसो सेको म्हणजे एक रस्ता, एक दुकान, एक चर्च, बाकी नुसतं वाळवंट. आमच्या दक्षिणेत धुणं आठवडाभर वाळत नाही, इथे पिळायच्या आधीच वाळतं.

माझी लेक यास्ना स्टँडवर आली होती. पाच वर्षांनी समोरासमोर भेटलो. तिने मिठी मारली नाही, पण बॅग हातातून घेतली. ती वर खाणीच्या खाणावळीत स्वयंपाकाला आहे. बारा दिवस वर, बारा दिवस घरी. त्या वरच्या बारा दिवसांत पोरीजवळ कुणीतरी हवं म्हणून मला बोलावलं. का बोलावलं ते जाऊ दे, बोलावलं तर खरं.

नात पास्कुआला. नोव्हेंबरात सहा पूर्ण होतील, समोरचे दोन दात गायब. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुम्हीच का ते बसवाले ताता, आणि तुमच्या कानात केस का आहेत? ताता म्हणजे आजोबा. जमलं आमचं.

ही वही माझ्या बायकोची, नेलिदाची, विणकामाचे नमुने लिहायची. निम्मी कोरी राहिली. ती म्हणायची, लिसांद्रो, तुला बोलता येत नाही तर निदान लिही तरी. घे बाई, लिहितोय.

७ सप्टेंबर

घरमालकीण सेन्योरा उबेर्लिंदा साठीची, विधवा. पुढच्या दोन खोल्या आम्हाला दिल्यात, मागच्या दोन तिच्या. कमी बोलते, पण पाव असा भाजते की भांडण असलं तरी मिटावं. फाटकाला लागून बाहेर एक आनिमिता आहे. कुणाचा तरी जीव तिथे गेलेला, म्हणून बांधलेलं पत्र्याचं हातभर घर. आत बाहुल्या आणि खेळण्यातल्या कपबश्या आहेत, म्हणजे लहान मुलगी असणार. ट्रकने उडवली असेल, या रस्त्यांवर दुसरं काय होतं? विचारायचं नसतं. सगळ्यांसारखा मीही रोज तिथे पाण्याची बाटली ठेवतो.

आज परसातल्या शेडमध्ये शिडी शोधायला गेलो आणि ताडपत्रीखाली गाडी सापडली! काळी, जर्मन, लांबलचक. नायट्रेट कंपनीच्या साहेबाची असणार. चामड्याच्या सीटा, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, चारही चाकं बसलेली, बोनेटखाली उंदरांचा संसार. मी तिथेच उकिडवा बसलो आणि मूर्खासारखा हसत सुटलो.

११ सप्टेंबर

गाडी घेतली! जुन्या शेगडीच्या भावात. उबेर्लिंदाबाई आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, सुटे भाग काढून विक नाहीतर भंगारात घाल, पण ती चालणार नाही, आणि चालावी म्हणून मी विकतही नाहीये. मी म्हटलं, बाई, माझ्या हाताखालून न चालणारं काही गेलेलं नाही. ती कणीक मळायला गेली.

पास्कुआलाने समुद्र पाहिलेला नाही. दोन तासांवर समुद्र आणि पोरीने पाहिलेला नाही! शब्द देऊन बसलो की चौदा नोव्हेंबरला, वाढदिवसाला, मी स्वतः या गाडीतून तिला समुद्रावर नेईन. यास्ना भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली की बाबा, तिला शब्द देऊ नका, मला दिलेले पुरेत.

बरोबर आहे तिचं. नेलिदा दवाखान्यात होती तेव्हा मी शब्द दिला होता की सकाळी पोचतो. वाटेत एक बस बंद पडलेली दिसली, त्यात डोकं घातलं आणि दुसऱ्या दिवशी पोचलो. तोवर सगळं संपलं होतं. म्हणून ही गाडी चाललीच पाहिजे.

१९ सप्टेंबर

काल राष्ट्रीय सण. एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, इतक्या खाल्ल्या की वाकता येईना, आणि काम तर सगळं वाकूनच. टाकी धुतली, कार्बोरेटर सोडून पुन्हा जोडला, प्लग बदलले. पास्कुआला पाने हातात देते आणि प्रत्येकाचं नाव विचारते. इंजिन फिरतं पण पेटत नाही. डिस्ट्रिब्यूटर उघडला तर आत रोटरच नाही. अंगठ्याएवढा तुकडा, पण त्याच्याशिवाय प्लगला ठिणगीच पोचत नाही. पूर्वी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक तो काढून खिशात घालायचे. इथला कुणाच्या खिशात गेला देव जाणे.

१६ ऑक्टोबर

सांतियागोहून मागवलेला रोटर आला. बसत नाही. दुसराही बसला नाही. घासून पाहिला तर तुटला. उबेर्लिंदाबाईला विचारलं तर म्हणाली, मी काही काढलेलं नाही. खरंच बोलली ती, पण माझ्याकडे न बघता.

दुकानदार विचारतो, काय मेस्त्री, समुद्र कुठवर आला? हसू दे त्याला. पास्कुआलाने चपला आत्तापासून पिशवीत भरून ठेवल्यात. त्या पिशवीकडे पाहवत नाही.

१ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. सगळं गाव कबरी धुवायला गेलेलं. उबेर्लिंदाबाईचे गुडघे दुखतात म्हणून फाटकाजवळची आनिमिता रंगवायचं काम मी मागून घेतलं. छप्पर उचललं, बाहुल्या पुसल्या. एका इवल्याशा कपात काहीतरी काळं होतं. कप उलटा केला आणि हातावर रोटर पडला.

खोटं लिहीत नाही, मला माहीत होतं. आनिमितेला दिलेलं कुणी घेत नाही, चोरसुद्धा नाही. पण बिघडतं कुठे, नवस बोलून उसना घेतला तर? मग मी गुडघ्यावर बसलो आणि पास्कुआलाला लाडाने म्हणतो तसंच म्हणालो: बाळा, एवढं दे मला, तू मागशील ते देईन.

बसला. नवाकोरा असल्यासारखा खटकन बसला.

३ नोव्हेंबर

चालू झाली! पहिल्याच फटक्याला! काय तो आवाज! पास्कुआला नाचली, मी नाचलो, शेजारची कोंबडी पळाली. यास्ना वर जायच्या गडबडीत होती. ती दारात आली आणि हसली. पाच वर्षांत माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. नेलिदा, तू पाहिजे होतीस.

शेडमधून काढायला रिव्हर्स टाकला, वीतभर मागे घेतली. मागचं चाक कशावरून तरी गेलं. मऊ असं काहीतरी. उतरून पाहिलं, काही नव्हतं.

उबेर्लिंदाबाई दिवसभर खोलीबाहेर आली नाही.

५ नोव्हेंबर

पास्कुआला मागच्या सीटवर बसून कुणाशी तरी बोलते. म्हटलं खेळ असेल. आज चहाला तिने टेबलावर एक कप जास्त मांडला. कुणासाठी विचारलं तर म्हणाली, पिसूसाठी. ती गाडीत राहते. तिचे बाबा तिला पिसू म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही.

उबेर्लिंदाबाईच्या हातातली किटली पडली. पाय भाजला तरी तिला कळलं नाही. ती पास्कुआलापुढे बसली आणि विचारायला लागली, तिच्या अंगात काय आहे गं, स्वेटर आहे का, तिला थंडी वाजत नाही ना.

मग मला सगळं सांगितलं. ओफेलिया, पाच वर्षांची. बावीस वर्षांपूर्वी, भर दुपारी. बापाने, म्हणजे बाईच्या नवऱ्याने, आमादोरने, हीच गाडी फाटकातून मागे घेतली. ती मागे लपली होती. लपाछपीत बाबांना धप्पा द्यायला. त्याने त्याच दिवशी रोटर काढून तिच्या त्या पत्र्याच्या घरात ठेवला आणि नवस बोलला की बाळा, ही पुन्हा चालणार नाही. त्यानंतर नऊ वर्षं जगला, पण कधी मागे वळून पाहिलं नाही. कुणी मागून हाक मारली तर जागच्या जागी उभा राहून रडायचा.

बाईने विचारलं, तू तिला काय कबूल केलंस? मी सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इथलं शेंबडं पोरसुद्धा नवसात वस्तू ठरवून बोलतं: मेणबत्ती, बाहुली, पाणी. मी मोकळा शब्द दिला. एका मुलीला, जिला बावीस वर्षं खेळायला कुणी नाही.

८ नोव्हेंबर

रोटर परत ठेवायला निघालो. उबेर्लिंदाबाईने फाटकात माझे पाय धरले. म्हणाली, राहू दे रे, आता ती घरात फिरते, काल माझ्या उशीपाशी बसली होती, माझी पोर आहे ती, दया कर. मीही रडलो. पण पास्कुआला माझी आहे. बाईला बाजूला केलं आणि रोटर कपात ठेवला. एक बाहुलीही कबूल केली, मोठी, समुद्रावरची.

९ नोव्हेंबर

दुपारी गाडी आपोआप सुरू झाली. रोटर नाही आत. बॅटरी काढून अंगणात ठेवली. तरी चालू.

१० नोव्हेंबर

पास्कुआला दिसेना म्हणून शोधलं. शेडमध्ये, गाडीच्या मागे, डिकीला पाठ लावून उभी. हातांनी डोळे झाकलेले. इंजिन चालू, आत कुणी नाही. ओढून काढली तर रडली, म्हणाली, माझ्यावर राज्य होतं, ताता, तुम्ही खेळ मोडला.

चाकांना दगड लावलेत.

११ नोव्हेंबर

दुकानातून यास्नाला फोन केला. लगेच खाली ये म्हटलं. काय झालं विचारलं तर काय सांगू? ती म्हणाली, मी यायला चार दिवस उरलेत बाबा, आत्ताच पळायचंय? पुन्हा?

पोरीला कडेवर घेऊन बस गाठायला निघालो. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि तिचा श्वास कोंडला. ओठ निळे पडले. आत आणली तर ठणठणीत, पाव खायला मागितला. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

उबेर्लिंदाबाई नुसती खुर्चीत बसून कुणाचे तरी केस विंचरते. मांडीवर कुणी नाही.

१३ नोव्हेंबर

दगड बाजूला सरकवलेत. शिस्तीत, भिंतीला रांग लावून. लहान मुलं मांडतात तसे.

पास्कुआला म्हणते — पिसूला समुद्रावर यायचंय. पण आधी तिचा खेळ पुरा झाला पाहिजे. कुणीतरी मागे उभं राहायचं.

कुणीतरी. पास्कुआलाच, असं नाही म्हणाली — कुणीतरी.

१४ नोव्हेंबर, दुपार

गाडी फाटकाकडे पाठ करून उभी आहे. मी हलवलेली नाही. मी तिच्या मागे जमिनीवर बसलोय, बंपरला पाठ लावून. समोर आनिमिता. तिला ठरवून बोललो या वेळी — मला घे. आणि पास्कुआलाला सोड.

पास्कुआलाला आत निजवलं. कडी लावली. चपलांची पिशवी उशाशी ठेवलीय. उद्या यास्ना येईल. यास्ना, ही वही वाचशील तर — या वेळी मी कुठे गेलो नव्हतो. इथेच होतो. तुझ्या पोरीला समुद्र तू दाखव.

भीती वाटत नाही. नेलिदा, तुला भेटायला अखेर वेळेवर —

इंजिन सुरू झालं.

खिडकीची काच खाली आली. हसण्याचा आवाज. दोघींचा. दोघींचा —

पास्कुआला पुढच्या सीटवर आहे. गुडघ्यांवर बसून, स्टिअरिंग धरून. ओरडतेय, ताता, पिसूने मला शिकवलं, बघा, मी चालवते, आपण निघालो —

कडी कुणी काढली. उबेर्लिंदा दारात उभी. हात जोडून.

नाही. असं नाही. पोरीच्या हातून नाही. ती जन्मभर — आमादोरसारखी — मागे वळून पाहणार नाही कधी — सहा वर्षांची आहे ती —

पास्कुआला, नको. हात काढ. पिशवी घे, उतर —

उठतो. उठलं पाहिजे. बाजूला झालं की सुटेल ती. उठतोय, पण मागून कुणीतरी माझं बोट धरलंय. इवलासा हात आहे, थंडगार. म्हणतेय, ताता, हलायचं नाही, आता तुमच्यावर रा